पत्र पोहोचले असे समजावे!

कशेडीचा घाट चढून उतरावयास जेथे पाऊण तास लागत असे तेथे आता बोगद्यातून दहा मिनिटांत मोटार पलीकडे खेड तालुक्यात जाते. बोगद्याची पहिली नळी २०२३ सालच्या गणपतीच्या तोंडावर हलक्या वाहनांस खुली झाली, तेव्हा मुंबईहून गावी निघालेल्या चाकरमान्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो रास्तच होता. त्या वळणांनी किती घरे उघड्यावर टाकली आहेत हे पोलादपूरच्या माणसास सांगावयास नको. परंतु डोंगर फोडून माणसाची वाट जवळ केली म्हणून त्याच डोंगराच्या कुशीतील वाडीवर मुंबईचे पत्रही तितक्याच लवकर येऊ लागले असेल, असा कोणाचा समज असल्यास त्याने तो सोडून द्यावा. पत्र आपल्या जुन्या चालीनेच येते. कधी येते, कधी येत नाही. आणि न आल्यास त्याचा जाब कोणास विचारावयाचा, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

टपाल व बँक या दोन खात्यांविषयीची कुरकुर आपल्या बाजारपेठेस नवी नाही. “लिंक नाही, उद्या या,” “कॅश संपली,” “पासबुकाचे यंत्र बंद आहे,” “पोस्टमन आज वाडीवर गेला नाही,” ही वाक्ये महाड-पोलादपूरच्या माणसाने इतक्या वेळा ऐकली आहेत की, ती त्यास श्रावणातल्या सरींसारखी वाटू लागली आहेत. सर आली की वळचणीस उभे राहावे, गेली की घरी जावे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपण हसत हसत उच्चारतो. पण सहा महिने थांबणाऱ्याचे काय होते याचा हिशेब कोणी मांडीत नाही. तो मांडण्याची वेळ आमच्या वकिलीच्या धंद्यात आम्हांवर आली, म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो. माणसाचे, बँकेचे किंवा टपाल कचेरीचे नाव येथे देत नाही. ज्याच्या त्याच्या अनुभवास येईल ते नाव वाचकाने त्या जागी घालावे.

पोलादपूरच्या बाजारात किराणा मालाचे दुकान असलेले एक गृहस्थ. दुकान बाजारात, राहणे घाटाकडील एका वाडीवर. कल्याणच्या एका घाऊक व्यापाऱ्यास त्यांनी मालाच्या किमतीपोटी चेक दिला. खात्यात पैसे होते, तरी चेक परत गेला. कारण असे की, सर्वजण ज्यास केवायसी म्हणून ओळखतात ते ओळखीचे कागद मुदतीत नवे करून दिले नाहीत म्हणून बँकेने खात्यावरील व्यवहार थांबविले होते. बँकेचे म्हणणे, “आम्ही पत्र पाठविले.” शेठजींचे म्हणणे, “मला मिळाले नाही.” खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक त्यांनी दोन वर्षांपूर्वी बदलला होता व बँकेस कळविले नव्हते, एवढी चूक त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे, आणि ती त्यांनीही नाकारली नाही.

चेक परत गेल्यावर घाऊक व्यापाऱ्याने वकिलामार्फत नोटीस धाडली, ती घरच्या पत्त्यावर. पाकीट काही दिवसांनी “घर बंद” असा शेरा घेऊन कल्याणास परत गेले. ज्या घरात शेठजींची वृद्ध आई बारा महिने तेरा काळ ओटीवर बसून असते, ते घर बंद! पुढे एके दिवशी पोलीस शिपाई दुकानावर आला व त्याने कल्याणच्या फौजदारी न्यायालयाचे समन्स हातात ठेवले. आपला चेक वटला नाही ही गोष्ट त्या क्षणापर्यंत या गृहस्थांस ठाऊक नव्हती. समन्स घेऊन ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असा होता : “वकीलसाहेब, मला अटक होणार का?”

अटक झाली नाही. परंतु कायद्याची गाठ कशी बसली ते पाहण्यासारखे आहे. चेक न वटल्याच्या गुन्ह्यात रकमेची मागणी करणारी नोटीस तीस दिवसांत पाठवावी लागते, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास फिर्याद होते. फिर्याद कोठे करावयाची, तर २०१५ सालच्या दुरुस्तीप्रमाणे ज्यास पैसे मिळावयाचे त्याचे खाते ज्या शाखेत असेल तेथील न्यायालयात. म्हणजे पोलादपूरच्या माणसाने कल्याणास खेपा घालावयाच्या. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने एक उदार वाट दाखवून ठेवली आहे : नोटीस मिळालीच नाही असे ज्याचे म्हणणे असेल त्याने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावे व तसे न्यायालयास सांगावे. त्या वाटेने आमचे पक्षकार बाहेर पडले. पण तोपर्यंत वकिलाची फी, प्रवासखर्च व दुकानास लागलेली कुलुपे यांचा बोजा अंगावर पडलाच. शिवाय “याचा चेक वटत नाही” हे वाक्य बाजारात फिरले ते निराळेच. व्यापाऱ्याचे भांडवल तिजोरीत थोडे व लोकांच्या तोंडी फार असते. एक पत्र हरवले आणि त्याबरोबर वीस वर्षांची पत गेली.

आता कायदा काय म्हणतो? १८९७ सालच्या सामान्य परिभाषा अधिनियमाचे २७ वे कलम सांगते की, पत्ता बरोबर लिहून, टपालहशील भरून, रजिस्टर करून पत्र टाकले म्हणजे ते टपालाच्या नेहमीच्या क्रमाने ज्या वेळी पोहोचावयाचे त्या वेळी पोहोचले असे समजावे. नाही पोहोचले असे ज्याचे म्हणणे असेल त्याने ते सिद्ध करावे. “घर बंद” असा शेरा असला तरी न्यायालये बहुधा पत्र बजावले गेले असेच धरतात. व्यवहार चालावयाचा तर असे काहीतरी गृहीत धरणे भाग आहे, हे आम्हांस मान्य आहे. नाहीतर प्रत्येक देणेकरी पाकीट परत पाठवून मोकळा होईल.

पण त्याच सरकारने पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९८ साली, टपालाचा कायदा केला, व त्याच्या सहाव्या कलमात लिहून ठेवले की, पत्र हरवले, भलत्यास दिले गेले, उशिरा पोहोचले किंवा खराब झाले तर सरकारवर कसलीही जबाबदारी नाही. स्वतःहून स्पष्ट शब्दांत पत्करली असेल तेवढीच. टपालाच्या नोकरावरही नाही; त्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून तसे केल्याचे सिद्ध झाल्यासच आहे. मनिऑर्डरीचे पैसे चुकीने अडकले किंवा उशिरा मिळाले तर दावाच लावता येणार नाही, असे याच कायद्याचे ४८ वे कलम म्हणत होते. ही दोन वर्षांची दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावी. नागरिकाच्या विरुद्ध जावयाचे असेल तेव्हा टपाल कधी चुकत नाही. नागरिकाने भरपाई मागावी तर टपाल चुकण्यास मुखत्यार आहे! एकाच पाकिटाविषयी न्यायालय म्हणते, “पोहोचले असे समजावे”, आणि टपाल खाते म्हणते, “न पोहोचल्यास आम्ही बांधील नाही.” मधल्या मध्ये पोलादपूरचा दुकानदार कल्याणची गाडी पकडतो.

ही सवलत इंग्रजांनी येथे शोधून काढली नव्हती. आपल्या घरून आणली होती. १७०१ साली इंग्लंडात लेन विरुद्ध कॉटन हा खटला झाला. टपालात दिलेल्या पत्रातून सरकारी कर्जरोखे नाहीसे झाले, व मालकाने टपालप्रमुखांवर भरपाईचा दावा लावला. बहुमताने दावा फेटाळला गेला. सरन्यायाधीश होल्ट यांनी मात्र भिन्न मत दिले : जो मोबदला घेऊन वस्तू पोहोचविण्याचे पत्करतो त्याने ती सांभाळली पाहिजे, मग तो खासगी गाडीवाला असो की सरकारी अधिकारी. १७७८ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी जुना निकालच कायम ठेवला. त्यांचे म्हणणे असे की, टपाल हे सरकारच्या महसुलाचे व बंदोबस्ताचे खाते आहे, भाड्याने ओझे वाहणाऱ्याचा तो धंदा नव्हे. गंमत अशी की, ज्या सरकारने स्वतःला हे अभय दिले त्यानेच १८६५ साली हिंदुस्थानात मालवाहतूकदारांचा कायदा करून खासगी वाहतूकदारावर मात्र कडक जबाबदारी टाकली. माल हरवला तर वादीने हलगर्जी सिद्ध करण्याचीही गरज नाही, असा तो कायदा. बैलगाडीवाल्यास एक न्याय व टपालगाडीस दुसरा!

परकी सरकारने स्वतःची सोय पाहिली यात नवल नाही. नवल पुढेच आहे. स्वराज्य मिळून पाऊणशे वर्षे उलटल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये, आपल्या संसदेने १८९८ चा कायदा मोडीत काढून नवा टपाल कायदा संमत केला, व तो १८ जून २०२४ पासून अमलात आला. गुलामीच्या खुणा पुसण्याची भाषा त्या वेळी पुष्कळ झाली. आम्ही नवा कायदा उत्सुकतेने उघडला. त्याचे दहावे कलम म्हणते : नियमांनी ठरवून दिली असेल तेवढी सोडून टपाल खात्यावर आपल्या सेवेबाबत कोणतीही जबाबदारी नाही, आणि अधिकाऱ्याने लबाडी केली असेल किंवा जाणूनबुजून नुकसान, विलंब वा चुकीची बटवडी केली असेल तरच तो जबाबदार. खूण पुसली नाही, नवीन शाईने गिरवली. उलट सातव्या कलमात अशी तरतूद आहे की, नागरिकाने टपालाचा आकार देण्याचे नाकारले तर तो जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येईल. आमच्याकडून यावयाचे ते सरकारी सारा. आम्हांस द्यावयाचे ते मर्जी. बळी तो कान पिळी हे ऐकून होतो, पण ते कलमवार छापलेले पाहावयास मिळेल असे वाटले नव्हते.

नियमांनी ठरवून दिलेली भरपाई किती, हे जुन्या कायद्याखालील एका नियमावरून कळेल. स्पीड पोस्ट हरवल्यास आकाराच्या दुप्पट रक्कम किंवा एक हजार रुपये, या दोहोंपैकी जी कमी असेल ती! चाळीस रुपयांच्या पाकिटात नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे असो की जमिनीच्या दाव्याची नोटीस, ते हरवले तर मोल ऐंशी रुपये. ग्राहक न्यायालयांतही हे अभयाचे कलम ढालीसारखे पुढे करण्यात आले आहे. काही प्रकरणांत आयोगांनी विलंबाचा खुलासा न झाल्यामुळे जाणीवपूर्वक कसूर मानून भरपाई दिली, काहींत दार बंद केले. आणि २०२५ सालापासून स्वतंत्र रजिस्टर टपालाची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली असल्यामुळे आता कायद्याची सर्व नोटीसबाजी या एकाच गाड्यावर लादली गेली आहे, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आमचा रोख वाडीवर पत्र नेणाऱ्या ग्रामीण डाकसेवकावर नाही. आमच्या तालुक्यातील गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. पाच-सात वाड्या, त्याही एक पऱ्ह्याअलीकडे तर दुसरी टेपावर. शाखा डाकघर दिवसातले थोडे तास उघडे, वेतन त्या तासांपुरते, आणि पावसाळ्यात पायवाटेवर वहाळ आडवा. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले आणि तळिये, केवनाळे व साखरसुतारवाडी येथे डोंगर कोसळले, त्या दिवसांत या मुलखात वाट म्हणून काही उरली नव्हती. अशा ठिकाणी एक माणूस सर्व वाड्या एका दिवसात कशा फिरणार? तेव्हा पत्र दुकानावर ठेवले जाते, कोणा जाणाऱ्याच्या हाती दिले जाते, किंवा घराकडे न जाताच घर बंद होते. घोडे मेले ओझ्याने अन् शिंगरू मेले येरझाऱ्याने, अशी त्या सेवकाची दशा आहे. माणसे वाढविण्याचा खर्च टाळावयाचा, आणि त्यातून होणाऱ्या नुकसानीची जबाबदारीही कायद्याने टाळावयाची, ही दुहेरी काटकसर वरिष्ठांची आहे. उशिराची भरपाई खात्यास खरोखर द्यावी लागली असती तर जादा माणूस नेमणे स्वस्त पडते हे त्यास केव्हाच कळले असते.

आमच्या भागाचे या खात्याशी नातेही साधे नाही. १८८० साली टपालाने मनिऑर्डर सुरू केली व १८८२ साली बचत बँक उघडली, तेव्हापासून गिरणगावातील मजुरी कोकणातल्या चुलीपर्यंत पोहोचविण्याचे काम याच खात्याने केले. मनिऑर्डरीच्या कुपनावर लिहिलेल्या दोन ओळी हेच कित्येक घरांत महिन्याचे पत्र असे. पोस्टमनने नोटा मोजून दिल्या, म्हातारीचा अंगठा घेतला, आणि मुलाचा मजकूर वाचून दाखविला, हे दृश्य पाहिलेली माणसे अजून वाड्यांवर आहेत. ज्या खात्याने तो विश्वास मिळविला त्याने कायद्याच्या आडोशास बसावे, याचे आम्हांस म्हणून अधिक वाईट वाटते.

बँकांची गोष्ट थोडी वेगळी आहे, व ती आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली याच महाड तालुक्यातील नाते या गावी झाला. ते अर्थमंत्री असताना १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. हेतू हा की बँक खेड्याकडे जावी. बँक आली. तिच्या दारातली रांगही आली. मात्र टपालाप्रमाणे बँकेस कायद्याने अभय दिलेले नाही. तिच्या बऱ्याच चुकांची किंमत रिझर्व्ह बँकेने रुपयांत लिहून ठेवली आहे. उणीव आहे ती मागणाऱ्याची.

एटीएममधून पैसे निघाले नाहीत व खात्यातून वजा झाले, तर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत, त्यानंतर प्रत्येक दिवसास शंभर रुपये ग्राहकास द्यावयाचे, व तेही त्याने मागण्याची वाट न पाहता, असा सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. खात्यातून कोणी परभारे पैसे उडविले व ग्राहकाची चूक नसताना त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस नाही, असा जुलै २०१७ चा. लॉकरच्या बाबतीत बँकेस हात झटकता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बजावले, व त्यावरून वार्षिक भाड्याच्या शंभरपट जबाबदारीचा नियम निघाला. एटीएम महिन्यात दहा तासांहून अधिक रिकामे राहिल्यास दहा हजार रुपये दंड, असेही २०२१ साली ठरले. मात्र तो दंड रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत जातो. गणपतीच्या आदल्या दिवशी रिकाम्या यंत्रापुढे उभा राहिलेला चाकरमानी त्यातला पैही पाहत नाही, ही त्या नियमाची उणी बाजू. आमच्या पक्षकाराच्या बाबतीत म्हणावयाचे तर, केवायसीसाठी किमान तीन आगाऊ सूचना द्याव्या व त्यांतील एक तरी पत्राने द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सांगितले. नियम चांगला आहे. पण ते पत्र पुन्हा त्याच टपालाच्या थैलीतून यावयाचे!

हे शंभर रुपये मागणारा माणूस आमच्या पंचवीस वर्षांच्या वकिलीत महाड-पोलादपूरच्या बाजारात आम्हांस एकच भेटला, आणि तो निवृत्त शिक्षक होता. बाकीचे काउंटरपुढे उभे राहून “साहेब, जरा बघा ना,” म्हणतात. श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी एस.टी.ने उतरलेली आजी, तिचे झिजलेले ठसे यंत्र ओळखीत नाही म्हणून तिसऱ्या खेपेस परत जाते व जाताना कारकुनासच आशीर्वाद देते. आपलेच पैसे मागताना माणसाचा आवाज खाली का यावा? व्यापारी वर्ग शिकलेला आहे, हिशेबी आहे. पण तोही साहेबांशी बिघडू नये म्हणून तोंडी बोलतो. तोंडी तक्रारीस तारीख नसते, आणि तारखेवाचून कायद्यात काही चालत नाही. लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर २०२१ साली एकत्रित केलेल्या लोकपाल योजनेकडे जाता येते; त्यास फी नाही, वकील नको. संगणकावरून अर्ज करणे ज्यास जमत नाही त्याच्यासाठी टपालाने अर्ज धाडण्याची सोय आहे, ती चंदीगडास. पोलादपूरहून चंदीगडापर्यंत पत्र सुखरूप जावो! ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार लावता येते, व पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. परंतु आमच्या जिल्ह्याचा आयोग अलिबागेस, म्हणजे येथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर.

टपालाबाबत मात्र नुसत्या अर्जांनी भागणार नाही. तेथे हक्कच नाही, तो आधी निर्माण केला पाहिजे. आणि त्यासाठी संसदेत नवे बिल आणण्याचीही गरज नाही. दहावे कलम पुन्हा वाचावे : “नियमांनी ठरवून दिली असेल तेवढी सोडून.” म्हणजे जबाबदारी किती पत्करावयाची हे नियम करून ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या हातात आजच आहे. एटीएमच्या विलंबास दिवसाचे शंभर रुपये लागू शकतात, तर नोटिसीच्या विलंबास का लागू नयेत? दुसरे असे की, “घर बंद” हा शेरा मारणाऱ्याने दाराशी गेल्याची वेळ लिहावी, घरी चिठ्ठी टाकावी, व दोन निरनिराळ्या दिवशी गेल्याखेरीज पाकीट परत करू नये. आणि हे झाल्याची नोंद टपालाने दाखविल्याखेरीज पत्र पोहोचले असे न्यायालयाने समजू नये. वाड्यांच्या मुलखात शाखा डाकघरातील माणसांची संख्या नकाशावरील अंतर पाहून नव्हे, तर पावसाळ्यातील वाट पाहून ठरवावी.

या मागण्यांचा अर्ज आम्ही तयार केला आहे. तो दळणवळण खात्याच्या मंत्र्यांस व रायगडच्या लोकसभा सदस्यांस जावयाचा आहे. ज्यांचे पत्र गेल्या वर्षभरात उशिरा आले, हरवले किंवा उघड्या घरातून “घर बंद” होऊन परत गेले, त्यांनी पाकीट, पावती किंवा असेल तो कागद घेऊन, बाजारास येतील त्या दिवशी आमच्या कचेरीत यावे. महाडच्या ज्या लोकांचे कागद पुरात गेले त्यांचे तोंडी म्हणणेही लिहून घेतले जाईल. सह्यांचा कागद टेबलावर आहे. पहिली सही कल्याणची वारी करून आलेल्या दुकानदाराची आहे. अर्ज दिल्लीस आम्ही टपालाने पाठविणार नाही, हाती देणार आहोत.